सुगंध, दुर्गंध आणि लोकव्यवहार

न्यायशास्त्राच्या अध्ययनास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' येतो. नऊ द्रव्यांपैकी पहिले द्रव्य जी पृथ्वी, तिचे लक्षण त्यात गंध या एका गुणावरून केलेले आहे. डोळ्यांना दिसणारे रूप, जिभेस कळणारा रस, हातास लागणारा स्पर्श हे सारे बाजूस ठेवून शास्त्रकारांनी पृथ्वीची ओळख नाकाकडे सोपविली; कारण ते इतर गुण जलादिकांतही आढळतात, गंध मात्र पृथ्वीवाचून अन्यत्र नाही, असा त्यांचा सिद्धांत. विद्यार्थी लागलीच विचारतो की, दगड पार्थिव खरा, पण त्यास वास कोठे आहे? त्यावर उत्तर ठरलेले असते. दगडाचे भस्म केले म्हणजे त्यास गंध येतो. तेव्हा दगडातही तो आहेच, केवळ उत्कट नाही. पाण्यास वास आला तर तो पाण्याचा नव्हे, पाण्यात मिसळलेल्या पार्थिव अंशांचा.

याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. त्याच ग्रंथात रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत, रसाचे सहा, स्पर्शाचे तीन. गंधाचे मात्र दोनच: सुरभि आणि असुरभि. शुक्ल, नील, पीत ही रंगांची केवळ नावे होत. त्यांत कोणता रंग चांगला आणि कोणता वाईट याचा निवाडा नाही. मधुर, आम्ल, लवण इत्यादी रसांचीही तीच गोष्ट. गंधाचे प्रकार सांगावयास जावे, तो प्रकाराऐवजी निवाडाच हाती येतो. हा शास्त्रकारांचा आळस नव्हे. माणसाचे नाकच तसे घडलेले आहे. मराठीत खमंग, खरपूस, करपट, कुबट, खवट, आंबूस, मातकट असे शब्द पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील बहुतेक शब्द एक तर वासाचे मूळ सांगतात किंवा बोलणाऱ्याची आवड-नावड सांगतात. 'वास' हा शब्द वस्तुतः निर्विशेष आहे. तरीही 'या खोलीत वास येतो' एवढेच कोणी म्हटले, तर तो वास चांगला नव्हे हे ऐकणारास निराळे सांगावे लागत नाही.

हा निवाडा वस्तूत असतो की हुंगणारात, असा प्रश्न येथे उभा राहतो. तो केवळ पाठशाळेतील वादाचा विषय नाही. कोण आपला व कोण परका, कोणास पंगतीस घ्यावयाचे व कोणास उंबऱ्याबाहेर उभे करावयाचे, हे ठरविताना नाकाची साक्ष माणसाने वारंवार काढली आहे, आणि ती साक्ष सहसा कोणी उलटतपासणी करून पाहिलेली नाही.

संस्कृतात 'सगंध' या शब्दाचा एक अर्थ समान गंधाचा आणि दुसरा अर्थ आप्त किंवा सोयरा असा आहे. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात शकुंतला दुष्यंतास ओळख पटावी म्हणून आश्रमातील एक प्रसंग सांगते. दीर्घापांग नावाच्या हरणाच्या पाडसास राजाने पाणी पाजू पाहिले, तर ते त्याच्या हाताजवळ येईना. तेच पाणी तिने हाती घेताच मात्र ते विश्वासाने पिऊ लागले. त्या वेळी राजाने थट्टा केली होती की, सगंधावरच सर्वांचा विश्वास असतो, आणि ही दोघे तर एकाच रानातली. कालिदासाने मोठ्या मार्मिकपणे ही आठवण त्या स्त्रीच्या तोंडी घातली आहे, कारण थट्टा करणारा तोच राजा त्या घटकेस भर सभेत तिला परकी ठरवीत असतो. प्रवासाहून परतलेल्या पित्याने पुत्राच्या मस्तकाचे अवघ्राण करावे, असा विधी गृह्यसूत्रांत सांगितला आहे, आणि रामायण-महाभारतात वडील मंडळी लहानांचे मस्तक हुंगून आशीर्वाद देताना ठायी ठायी दिसतात. या चालीवर हॉप्किन्स या अमेरिकन संस्कृतज्ञाने १९०७ साली स्वतंत्र निबंधच लिहिला. पुढे १९७५ साली इंग्लंडात मॅकफर्लेन या संशोधकाने असे दाखविले की, जन्मास थोडेच दिवस झालेले अर्भक आपल्या मातेच्या स्तनाचा गंध आलेल्या कापडाकडे मान वळविते, परक्या स्त्रीच्या कापडाकडे तितकी वळवीत नाही. डोळ्यांची ओळख पक्की होण्यापूर्वी नाकाची झालेली असते.

असे का व्हावे, याचे उत्तर अलीकडच्या शरीरशास्त्राने पुष्कळ अंशी दिले आहे. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघांनी १९९१ साली गंध ओळखणाऱ्या ग्राहकांच्या जनुकांचे एक प्रचंड कुल शोधून काढले. त्याबद्दल त्यांस २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. उंदरांत या जनुकांची संख्या सुमारे एक हजार असते, माणसांत त्यांपैकी कार्यक्षम अशी सुमारे चारशे. रंग ओळखण्यास डोळ्यांना तीन प्रकारचे ग्राहक पुरतात, हे ध्यानात घेतले म्हणजे चारशेंचा अर्थ कळतो. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. दृष्टी, श्रवण आणि स्पर्श यांचे संदेश मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस नामक नाक्यावरून पुढे जातात. गंधाचा संदेश मात्र त्या नाक्यावर न थांबता, भीती-प्रीती यांचे स्थान असलेल्या अमिग्डालापर्यंत जवळजवळ थेट पोहोचतो आणि स्मृतीशी संबद्ध अशा हिप्पोकॅम्पसच्याही अगदी निकट असतो. म्हणून वासाचे नाव आठवण्यापूर्वीच मन प्रसन्न होते किंवा शिसारी येते, आणि अनेक वर्षांपूर्वी बंद झालेल्या घराचे माजघर कापूर-उदाच्या एका झुळकीसरशी डोळ्यांपुढे उभे राहते.

आमच्या पूर्वसूरींना ही नाडीव्यवस्था ठाऊक नव्हती, पण तिच्या परिणामाचे नाव त्यांनी बरोबर ठेविले होते. मागील अनुभवाचा जो सूक्ष्म ठसा चित्तावर उरतो त्यास 'वासना' म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ती दोन प्रकारे लावतात. त्यांपैकी एक 'वासित करणे', म्हणजे गंधाने भारणे, या अर्थाच्या धातूपासून आहे. फुलांत ठेविलेले तीळ फुले काढून टाकल्यावरही सुवासिक राहतात, आणि त्यांचे तेलही सुवासिक निघते, हा दृष्टांत बौद्ध विज्ञानवाद्यांनी वासनेच्या विवेचनात दिलेला आहे. म्हणजे चित्तावरचा संस्कार कसा असतो हे समजावून सांगण्यास त्यांना गंधच उपयोगी पडला. आधुनिक मानसशास्त्र आज उलट बाजूने तेथेच येऊन पोहोचले आहे: गंधाची आवड-नावड कशी असते हे समजावून सांगण्यास त्यास संस्कार हाच शब्द हाताशी घ्यावा लागतो.

रेचेल हर्झ या विदुषीने २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संबंधात उद्बोधक आहे. एकच वास लोकांना दोन वेळा दोन नावांनी हुंगावयास दिला. जुन्या पनीराचा म्हणून दिला तेव्हा तो बरा वाटला; वांतीचा म्हणून दिला तेव्हा तोच किळसवाणा ठरला. कुपीत फरक नव्हता. दुसरे उदाहरण विंटरग्रीन नामक वनस्पतीच्या तेलाचे. मुरगळलेल्या पायास लावावयाच्या मलमांचा जो तीव्र वास असतो तो हाच. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडात केलेल्या पाहणीत हा वास लोकांना फार नकोसा आढळला, आणि त्यानंतरच्या दशकात अमेरिकेत केलेल्या पाहणीत तो फार आवडता आढळला. इंग्लंडातील माणसांना तो दुखण्याच्या मलमातून ठाऊक होता, अमेरिकेतील मुलांना तो खाऊतून.

या जोडीला नाकाचा आणखी एक स्वभाव आहे, आणि सामाजिक दृष्ट्या तो सर्वांत घातक म्हणावयास हरकत नाही. सतत येणारा वास नाक काही मिनिटांतच ऐकेनासे होते, असे म्हटले तरी चालेल. आपल्या घराचा वास आपणास येत नाही; शेजाऱ्याच्या घराचा येतो. आपल्या स्वयंपाकाचा, आपल्या कपड्यांचा, आपल्या तेलाचा वास म्हणजे जणू वासाचा अभावच. त्यामुळे प्रत्येक समाज स्वतःस गंधरहित समजतो आणि वास नेहमी दुसऱ्याचाच असतो. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९८ सालच्या आपल्या ग्रंथात गंधेंद्रियास सर्वांत कनिष्ठ मानले. त्याच्या कारणांपैकी एक असे की, एकाचा वास दुसऱ्यास इच्छा नसताही भोगावा लागतो. कांटने तक्रार केली ती दुसऱ्याच्या वासाची, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

आता हिंगाची कथा घेऊ. ती गोव्यातील आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाचा स्नेही व चिकित्सक झाला, आणि भारतीय औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात हिंगावर एक स्वतंत्र संवाद आहे. भारतात सर्वत्र अत्यंत वापरला जाणारा हा पदार्थ आहे, असे ओर्ता सांगतो. स्वतःस त्याचा वास अत्यंत असह्य वाटतो हेही कबूल करतो. आणि लगेच प्रामाणिकपणे जोडतो की, हिंगाची फोडणी दिलेल्या भाज्या आपण चाखल्या, त्या काही वाईट लागल्या नाहीत. पुढे तो विजयनगरच्या एका घोड्याची गोष्ट देतो. एका पोर्तुगीजाजवळ एक मूल्यवान घोडा होता, परंतु त्यास वाताचा विकार असल्यामुळे राजा तो घेईना. पोर्तुगीजाने पिठातून हिंग चारून घोडा बरा केला व राजास चांगल्या किमतीस विकला. कोणत्या औषधाने गुण आला असे राजाने विचारल्यावर त्याने हिंगाचे नाव सांगितले. राजा म्हणाला, मग आश्चर्य कसले, तुम्ही त्यास देवांचे अन्न खाऊ घातलेत. त्यावर तो पोर्तुगीज हलक्या आवाजात, आपल्याच भाषेत पुटपुटला की, देवांचे कसले, सैतानाचे अन्न म्हणावे.

एक वस्तू, दोन नाके, आणि देवापासून सैतानापर्यंतचे अंतर. युरोपातील नावांतही तोच निवाडा गोठून राहिला आहे: हिंगाच्या लॅटिन नावातील दुसरा शब्द 'दुर्गंधी' या अर्थाचा आहे, आणि जर्मन भाषेत तर त्यास सैतानाची विष्ठा म्हणतात.

परंतु पोर्तुगीजास हसण्यापूर्वी स्वतःच्या स्वयंपाकघरात एकवार पाहावे. पुष्कळ घरांत सोवळ्याच्या स्वयंपाकास हिंग चालतो, लसूण चालत नाही. हिंग येतो इराण-अफगाणिस्तानातून. तो कोणी काढला, कोणत्या हातांनी बांधला, याची चौकशी कोणी करीत नाही. भारतात त्याची रोपे लाविण्याचा प्रयत्न हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, म्हणजे कालपरवाचा. लसूण मात्र परसातली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघेही सगोत्र होत. दोघांचा उग्र दर्प गंधकयुक्त संयुगांपासून उत्पन्न होतो. स्वयंपाकाच्या वायूस स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. तो गळल्याचे कळावे म्हणून त्यात मुद्दाम मिसळतात ते मर्कॅप्टनही गंधकाच्याच कुळातले. अशा रीतीने एकाच ओट्याशी तीन गंधकी वास नांदतात: एक पवित्र, एक निषिद्ध आणि एक रक्षक.

लसणीच्या निषेधाचा इतिहास लांबचा आहे. मनुस्मृतीने द्विजांस ती वर्ज्य सांगितली. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी यात्रेकरू फाहियान लिहितो की, मध्यदेशातील लोक कांदा व लसूण खात नाहीत, अपवाद फक्त चांडाळांचा. आणि हे चांडाळ वस्तीबाहेर राहतात व नगरात येताना लाकूड वाजवीत येतात, म्हणजे इतरांस दूर होता यावे. निषिद्ध अन्न, त्या अन्नाचा वास आणि वेशीबाहेरचे घर ही तिन्ही त्या वर्णनात एकत्र बांधलेली आहेत. उलट बाजूस वैद्यकाने लसणीस अमृतुल्य मानले. मध्य आशियात सापडलेल्या बॉवर हस्तलिखितात लसणीचे गुण विस्ताराने वर्णिले असून, अमृत प्यालेल्या असुराचा कंठ विष्णूने छेदला तेव्हा सांडलेल्या थेंबांपासून ती उपजली, अशी तिची उत्पत्ती दिली आहे. अमृत खरे, पण असुराच्या गळ्यातून आलेले! शास्त्र आणि वैद्यक यांनी आपसांत केलेली ही तडजोड मोठी चतुर म्हटली पाहिजे.

ओर्ताकडे पुन्हा वळणे अवश्य आहे, कारण त्याच्या स्वतःच्या जन्मकुळाच्या माथी वासाचाच आरोप होता. त्याचे आईबाप स्पेनमधून १४९२ साली हाकलल्या गेलेल्या यहुद्यांपैकी. पोर्तुगालात १४९७ साली बळाने ख्रिस्ती करण्यात आलेल्या जमातीत ते होते. अशा नवख्रिस्त्यांविषयी त्या काळचा स्पॅनिश धर्मोपदेशक व इतिहासलेखक बेर्नाल्देस लिहितो की, हे लोक डुकराच्या चरबीऐवजी तेलात, कांदा-लसूण घालून मांस शिजवितात, त्यामुळे त्यांच्या तोंडास आणि घरास दुर्गंधी येते. येथे नाक पंचनामा करणाऱ्या शिपायासारखे वागते. शेजाऱ्याच्या चुलीवरून तेलाचा वास आला, की तो मनातून अजून यहुदी आहे याचा पुरावा मिळाला! गोव्यात धर्मसमीक्षण मंडळ, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० साली स्थापन झाले. ओर्ता १५६८ साली वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीस गोव्यात जाळण्यात आले, आणि १५८० साली खुद्द त्याची अस्थी उकरून जाळली गेली. हिंगाचा वास सोसवत नाही हे कबूल करूनही हिंग खाणारांस ज्याने हीन लेखले नाही, त्याच्या वाट्यास हे आले. पुढे १७३६ साली गोव्याच्या याच मंडळाने काढलेल्या प्रसिद्ध जाहीरनाम्यात नवख्रिस्त्यांनी टाकावयाच्या चालींची लांबलचक यादी आहे. दारची तुळस, लग्नातील फुले, विडा-सुपारी, वधूवरांस लावावयाची उटणी यांसारख्या गोष्टी तीत आल्या आहेत. गोमंतकातील ज्या मंडळींचे पूर्वज त्या काळी देव घेऊन घाटावर व दक्षिणेकडे गेले, त्यांस ही यादी वाचताना आपल्याच घरातील मंगल दिवसाचा परिमळ ओळखीचा वाटेल. धर्माची खूण म्हणून ज्या वस्तू निषिद्ध झाल्या, त्यांतील कितीतरी वस्तू अशा होत्या की त्या घरात आहेत हे डोळे मिटूनही कळावे.

एवढ्यावरून गंध म्हणजे केवळ कलहाचे बीज असे कोणी समजू नये. आमच्या देशात त्याचे शास्त्र झाले, आणि त्या शास्त्राने सुरभि-असुरभि या भेदाकडे धर्मशास्त्राहून अधिक मोकळ्या मनाने पाहिले. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत 'गंधयुक्ति' नावाचा अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे १८२० प्रकार होतात, हे गणित त्यात आहे. आणि प्रत्येक चौकडीत प्रमाणे पालटीत गेल्यास एकंदर १,७४,७२० गंध सिद्ध होतात असे तो सांगतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये विलेपन व धूप यांस मानाचे स्थान आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादून १९२५ ते १९६१ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केला. त्याच मालेत १९८९ साली गंगाधराचा 'गंधसार' आणि एका अज्ञात ग्रंथकाराचा 'गंधवाद' छापले गेले, आणि या दुसऱ्या ग्रंथावर जुनी मराठी टीका आहे! सुगंधी द्रव्ये कशी सिद्ध करावीत हे कोणा मराठी माणसाने आपल्या भाषेत समजावून सांगितले होते, आणि ते हस्तलिखित भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांच्यासारख्या अखंड शोधकाच्या दृष्टीस पडेपर्यंत विस्मृतीत राहिले, ही गोष्ट आनंदाची म्हणावी की खेदाची हे वाचकांनीच ठरवावे.

या गंधशास्त्र्यांच्या द्रव्यांत चंदन, अगरू, कापूर, केशर आहेतच; परंतु कस्तुरी आहे, जी मृगाच्या पोटाखालील ग्रंथीतून येते; जवादी आहे, जी मार्जारजातीय प्राण्याच्या गुदाजवळील ग्रंथीतून काढतात; आणि नख नामक शिंपल्याचे झाकण आहे. यांतील काहींचा कच्चा दर्प जवळ घेववत नाही. योग्य अनुपानाने व अत्यल्प प्रमाणाने तोच देवाच्या अंगी लागतो. आधुनिक रसायनशास्त्रात याचे एक विलक्षण प्रमाण आहे. इंडोल नावाचे एक संयुग जाईच्या फुलात असते आणि मनुष्याच्या विष्ठेतही असते. मात्रा आणि सोबत बदलली, एवढेच. सुरभि आणि असुरभि ही दोन निराळी गावे असून त्यांमध्ये वेस आहे, ही समजूत येथे ढासळते.

तरीही ही वेस माणसांमध्ये घातली गेली. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९३७ साली इंग्लंडातील कोळसा-कामगारांच्या जीवनावर लिहिताना स्पष्ट कबूल केले की, आपल्यासारख्या मध्यमवर्गीय मुलांना गरिबांच्या अंगास वास येतो असे लहानपणीच शिकविले जात असे, आणि पाश्चात्य देशांतील वर्गभेदाचे खरे मर्म या शिकवणुकीतच आहे. मताचा भेद युक्तिवादाने मिटतो, पण शिसारीपुढे युक्तिवाद चालत नाही. आपल्याकडे चामडे कमावणारा, मासळी सुकविणारा, मैला वाहणारा यांविषयी हेच शिक्षण अधिक कठोरपणे दिले गेले. कातडे कमाविण्याच्या कुंडास दुर्गंध असतो, याबद्दल वाद नाही. तो चुन्याचा, सडत्या मांसाच्या अंशाचा आणि सालीच्या काढ्याचा असतो. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर त्याचे समवायी कारण कुंडातील द्रव्य होय, मनुष्य नव्हे. पाण्यास वास आला तर तो मिसळलेल्या पार्थिव अंशांचा, हे ज्यांनी इतक्या सूक्ष्मतेने सांगितले, त्यांच्याच शिष्यपरंपरेने माणसाच्या बाबतीत कुंडाचा गुण जन्मावर चढविला आणि तो स्नानानेही उतरत नाही असे ठरविले. मृदंगास मढविलेले चामडे गाभाऱ्यासमोर वाजत राहिले. ते कमावणारा पायरीखाली उभा राहिला. डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले, यावरून ती दुर्गंधी कोणी कोणाच्या माथी दिली होती हे उघड होते.

नाकाच्या साक्षीने राज्यकर्तेही फसले. एकोणिसाव्या शतकात दुर्गंधी हवा हेच रोगाचे मूळ असे युरोपीय वैद्य मानीत. १८५८ सालच्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दर्पाने लंडनची पार्लमेंट हैराण झाली आणि मोठी भुयारी गटारे बांधण्याचे ठरले. त्यामुळे पटकी हटली, पण ती वास गेल्यामुळे नव्हे, पिण्याचे पाणी मैल्यापासून वेगळे झाल्यामुळे. मुंबईत १८९६ साली ग्रंथिक संनिपाताची साथ आली तेव्हा गरिबांच्या चाळी कार्बोलिकने आणि चुन्याने धुवून काढण्यात आल्या. सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत १८९८ साली दाखवून दिले की, रोग वाहते ती उंदराच्या अंगावरची पिसू. तिला कसलाही वास येत नाही.

निष्पक्षपणे विचार करावयाचा तर उलट बाजूचे प्रमाणही पुढे ठेवले पाहिजे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात निरनिराळ्या खंडांतील, अत्यंत भिन्न राहणीच्या समाजांतील २२५ व्यक्तींना तेच दहा गंध हुंगावयास दिले होते. त्यांच्या आवडीनिवडीतील फरकापैकी सुमारे ४१ टक्के भाग गंधद्रव्याच्या स्वरूपावर अवलंबून निघाला. तेव्हा सुरभित्व थोडेबहुत वस्तूतही असते, हा नैयायिकांचा पक्ष अगदीच निराधार नाही. सुमारे ५४ टक्के भाग व्यक्ति-व्यक्तींतील वैचित्र्याचा होता. समाजासमाजांतील भेदास उरले अवघे सहा टक्के. नुसती कुपी पुढे ठेविली, तिच्यावर कोणाचे नाव घातले नाही, तर गावोगावची नाके पुष्कळशी एकाच मताची असतात. भेद मोठा होतो तो कुपीबरोबर चूल, जात किंवा गाव यांचे नाव ऐकू आले म्हणजे.

२०२० साली करोनाच्या साथीत असंख्य लोकांचे घ्राण काही दिवसांसाठी किंवा महिन्यांसाठी गेले. अन्न मातीसारखे लागते, एवढीच त्यांची तक्रार नव्हती. घरात असून घरात नसल्यासारखे वाटते, मुलास जवळ घेतले तरी ते आपले वाटत नाही, असे अनेकांनी सांगितले. मस्तकावघ्राणाचा विधी घालणाऱ्या सूत्रकारांस यात काही नवल वाटले नसते.

महाभारताच्या आदिपर्वात सत्यवतीची कथा आहे. कोळ्याच्या घरी वाढलेली ही कन्या यमुनेवर नाव चालवी, आणि अंगास माशांचा वास येई म्हणून तिला मत्स्यगंधा म्हणत. पराशर ऋषी तिच्या नावेत बसले. त्यांनी वर मागण्यास सांगितले तेव्हा तिने राज्य मागितले नाही की द्रव्य मागितले नाही. आपल्या अंगास सुगंध यावा एवढेच मागितले. इतकी वर्षे लोकांनी नाक मुरडलेले तिने पाहिले असले पाहिजे. वर मिळाला, सुगंध योजनभर पसरू लागला, आणि पुढे एके दिवशी शंतनु राजा त्या सुगंधाचा माग काढीत यमुनेच्या काठी आला. तेथे त्यास तीच कन्या, तीच नाव, तोच कोळ्याचा धंदा दिसला. तू कोण, असे विचारल्यावर तिने आपण दाशराजाची कन्या, पित्याच्या आज्ञेने नाव चालविते, असेच उत्तर दिले. कुळ तिने लपविले नाही. तिच्या पोटी व्यास जन्मले होते आणि कुरुकुळाची पुढली परंपरा तिच्यापासूनच चालावयाची होती. योजनगंधा हे तिचे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्याच पर्वात तिला आणखी एक नाव मिळाले आहे, गंधवती, जे तर्कसंग्रहाच्या पहिल्या पाठात पृथ्वीचे विशेषण म्हणून येते.